गुडघ्याची गोळी

मराठी विभागाचा संपादक आमच्याच विंगमध्ये राहतो. गेले तीन आठवडे तो माझ्या मागे लागला होता, "लेख दे, लेख दे." मी म्हटलं, "अरे, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. माझं मराठी पास होण्यापुरतं. ऱ्हस्व-दीर्घ तू सुधारणार असशील तर देतो." तो म्हणाला, "सुधारतो. विषय काय?" मी म्हटलं, "क्रिएटिनिन." त्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मेसच्या आमटीवर महाकाव्य लिहायला घेतलंय!

पण मित्रांनो, लिहायचंय ते ह्याच विषयावर. कारण ह्यात माझी एक चूक आहे आणि ती मी अजून घरीसुद्धा नीट कबूल केलेली नाही.

माझं गाव विंचूर. तालुका निफाड, नाशिकहून येवल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. इतिहासवाल्यांना पानिपतच्या लढाईतले विठ्ठल शिवदेव विंचूरकर आठवतात आणि बाकीच्यांना आमच्याकडचं वाइन पार्क आठवतं. (हॉस्टेलवर हा दुसरा वर्ग फार मोठा आहे, असो!) पण आमच्या घरात विंचूर म्हणजे कांदा. लासलगाव बाजार समितीचा उपबाजार गावातच आहे. मार्च-एप्रिलमध्ये उन्हाळ कांदा निघाला की घरातलं कोणीही रिकामं बसत नाही. आजी तर नाहीच नाही. वय ६८, वजन ४२ किलो. चाळीत कांदा भरायच्या आधी तो निवडावा लागतो. मोठा वेगळा, गोल्टी वेगळी, सडका बाजूला. हे काम उकिडवं बसून करायचं असतं. चाळीस वर्षं ती असं बसली. मग गुडघे दुखणार नाहीत तर काय होणार?

तर ह्या गुडघ्यांसाठी चार वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी तिला पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या. गोळी लागू पडली. आजी चुलीपासून देवळापर्यंत टणाटण चालायला लागली. मग ते रिकामं पाकीट मेडिकलमध्ये दाखवायचं आणि तसंच दुसरं आणायचं, असं सुरू झालं. पाच दिवसांची गोळी चौथ्या वर्षात गेली. मी इंजिनिअरिंगला आल्यावर हे खातं माझ्याकडे आलं. दर महिन्याला घरी जाताना कॉलेजजवळच्या दुकानातून मी दोन-तीन पाकिटं घ्यायचो. डायक्लोफेनॅक, ५० मिलिग्रॅम. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये, असं पाकिटावर स्पष्ट छापलेलं असतं. दुकानदाराने कधी चिठ्ठी मागितली नाही आणि मीही कधी दाखवली नाही. घरी पोचलो की आजी आधी माझ्या तोंडावरून हात फिरवायची आणि मग विचारायची, "आणली का रे बाळा?" खरं सांगतो, त्या वेळी मला फार भारी वाटायचं. नातवाने काहीतरी केलं, असं.

गेल्या एप्रिलमध्ये ऊन चाळीसच्या वर गेलं होतं. कांदा काढणी चालू होती आणि आजीला जुलाब लागले. दोन दिवस तिने कोणाला सांगितलं नाही. बीपीची गोळी चालू, गुडघ्याची गोळी चालू आणि पोटात पाणी ठरत नाही. तिसऱ्या दिवशी मळमळ, पायावर सूज आणि लघवी जवळजवळ बंद. पप्पांनी तिला गाडीत घालून नाशिकला आणलं. मी हॉस्टेलवरून थेट हॉस्पिटलात गेलो. रक्त तपासलं, क्रिएटिनिन २.९ आलं.

डॉक्टरांनी विचारलं, "आजी, पेनकिलर वगैरे, दुखण्याच्या गोळ्या घेता का?"

आजी म्हणाली, "न्हाई बा."

आई म्हणाली, "नाही." पप्पाही म्हणाले, "नाही, फक्त बीपीची गोळी घेते."

कोणीच खोटं बोलत नव्हतं. आमच्या घरात त्या गोळीचं नाव 'गुडघ्याची गोळी' होतं. पेनकिलर म्हणजे काहीतरी वेगळं, डोकं दुखल्यावर घ्यायचं. मी दाराजवळ उभा होतो. घशाला कोरड पडली. दोन-चार सेकंद गप्प राहिलो, हेही लिहून टाकतो. मग म्हणालो, "गुडघ्याची गोळी घेते ती. डायक्लोफेनॅक. मीच आणतो."

"रोज किती?"

आजीच म्हणाली, "एक. कांद्याच्या दिवसांत दोन."

"ह्याआधी क्रिएटिनिन कधी केलं होतं? जुना रिपोर्ट आहे?"

जुना रिपोर्ट नव्हता. चार वर्षांत एकदाही नाही. बीपी मोजलं जायचं, साखर एकदा बघितली होती, पण किडनीचं काही नाही. किडनी कधी दुखलीच नव्हती ना!

त्या दिवशी संध्याकाळी डॉक्टरांनी मला कागदावर आकृती काढून समजावलं. नेफ्रॉनची आकृती मी दहावीत रंगीत पेन्सिलींनी काढली होती, पाचपैकी पाच मार्क! पण दुसऱ्या दिवशी आजीने विचारलं, "काय झालं रे मला?" तेव्हा माझी तारांबळ उडाली. सगळे शब्द इंग्रजीतले. 'मूत्रपिंड' म्हटलं तर ती माझ्याकडेच बघत राहिली. 'गुर्दा' म्हटल्यावर तिला कळलं. पुढे काय सांगू? मग आमच्या द्राक्षाच्या बागेतला ठिबकचा फिल्टर आठवला.

मी म्हटलं, "आजी, ठिबकच्या फिल्टरला कसं दोन बाजूंना घड्याळं असतात? एक पाणी आत येतं तिथे, एक बाहेर जातं तिथे."

"हां, प्रेशरची."

"प्रेशर असेल तरच पाणी गाळलं जातं. गुर्द्यात तसे लाखो बारीक फिल्टर असतात. दिवसाला १८० लिटरच्या आसपास पाणी गाळतात. त्यातलं जवळपास सगळं शरीर परत घेतं आणि लिटर-दीड लिटर लघवी होते. आता आत येणारा व्हॉल्व्ह उघडा ठेवायला शरीर एक रसायन बनवतं. तुझी गुडघ्याची गोळी ते रसायनच बंद करते. त्यामुळे दुखणं थांबतं, सूज उतरते, पण तिकडे आतला व्हॉल्व्हही आवळला जातो. तुझी बीपीची गोळी बाहेरचा व्हॉल्व्ह सैल करते. त्याच गोळीत लघवी वाढवणारं दुसरं औषध आहे, ते टाकीतलं पाणी कमी करतं. आणि वरून उन्हात जुलाब."

आजी जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हंजी मोटार चालू, पर फिल्टरला प्रेशरच न्हाई."

अगदी हेच! मला समजायला सेमिस्टर लागलं असतं ते तिला दोन मिनिटांत कळलं.

इथे थोडी पुस्तकी माहिती देतो. त्या रसायनांचं नाव प्रोस्टाग्लँडिन. अॅस्पिरिनसारखी औषधं ती तयार होऊ देत नाहीत, हे जॉन वेन ह्यांनी १९७१ मध्ये दाखवलं आणि १९८२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, अॅसिक्लोफेनॅक ही सगळी त्याच कुळातली. तरुण, धडधाकट माणसाच्या किडनीला एरवी ह्या रसायनांची फारशी गरज पडत नाही. शरीरात पाणी कमी झालं, वय झालं, हृदय कमजोर असलं की मगच किडनी त्यांच्या आधारावर चालते. म्हणून दाढदुखीला दोन गोळ्या घेणाऱ्याला काही होत नाही आणि आजीसारख्यांना होतं. आणि हो, बीपीची गोळी ह्यात खलनायक नाही. ती बंद केली तर उलट किडनीच बिघडू शकते. काय चालू ठेवायचं आणि काय थांबवायचं, हे डॉक्टरांनीच ठरवायचं असतं.

डायक्लोफेनॅक बंद झालं, सलाईन लागलं. डायलिसिसची वेळ आली नाही. २.९ चे २.१ झाले, मग १.६. तीन आठवड्यांनी पप्पांनी हॉस्टेलवर व्हॉट्सअॅपवर रिपोर्टचा फोटो पाठवला. क्रिएटिनिन १.२. शेजारी छापलेली रेंज ०.६ ते १.२. खाली पप्पांचा मेसेज, "नॉर्मल आलं." आणि तीन हात जोडलेले.

रात्रीचे दीड वाजले होते. सबमिशन चालू होतं. मी रिपोर्ट बघत बसलो. आमची ब्रँच इन्स्ट्रुमेंटेशन. आम्हाला पहिल्याच लेक्चरला सांगतात की नुसत्या रीडिंगला काही अर्थ नसतो. कशाचं रीडिंग, कोणत्या परिस्थितीत आणि आधीचं रीडिंग काय होतं, हे लागतं. क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंच्या रोजच्या झिजेतून तयार होणारा कचरा. किडनी तो बाहेर टाकते. ज्याचे स्नायू जास्त त्याचा कचरा जास्त. मग ६४ किलोचा मी आणि ४२ किलोची आजी, दोघांना एकच रेंज कशी चालेल?

शोधल्यावर कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट ह्यांचं १९७६ चं सूत्र सापडलं. अगदी सोपं आहे. १४० मधून वय वजा करा, त्याला वजनाने गुणा, मग क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागा. बाई असेल तर ०.८५ ने गुणा. आजीचे १४० वजा ६८ म्हणजे ७२. वरचे ७२ आणि खालचे ७२ उडाले. उरलं ४२ भागिले १.२, म्हणजे ३५. गुणिले ०.८५. उत्तर २९.७५.

मग त्याच १.२ वर माझं गणित केलं. वय २०, वजन ६४. उत्तर जवळजवळ ८९.

एकच आकडा. तोच कागद, तीच रेंज. मी ८९ आणि आजी ३०. त्या रात्री सबमिशन पूर्ण झालं नाही.

शनिवारी तो कागद घेऊन मी डॉक्टरांकडे गेलो. मला वाटलं होतं ते रागावतील. ते हसले आणि म्हणाले, "गणित बरोबर आहे, पण घाबरायची घाई केलीस." त्यांनी सांगितलं की हे सूत्र जुनं आहे, किरकोळ अंगाच्या म्हाताऱ्या माणसांत ते आकडा कमी दाखवू शकतं. २०२१ च्या नव्या सूत्राने आजीचा आकडा ४९ येतो. दोन्ही अंदाजच. शिवाय एका रिपोर्टवरून दीर्घकाळचा आजार ठरवत नाहीत. ६० च्या खालचा आकडा तीन महिने तसाच राहिला तर म्हणतात. "पण तुझा मुद्दा खरा आहे," ते म्हणाले. "हे नॉर्मल नाही. क्रिएटिनिन रेंजच्या बाहेर जाईपर्यंत कित्येकदा निम्मं काम गेलेलं असतं. म्हणून नुसतं क्रिएटिनिन वाचायचं नाही, त्यावरून काढलेला ईजीएफआर बघायचा, आणि लघवीतून अल्ब्युमिन जातंय का तेही."

मी विचारलं, "सर, हे त्या गोळ्यांमुळेच झालं का?"

"एप्रिलमधलं बरंचसं त्यामुळे, आणि जुलाबामुळे. आधीचं किती होतं, बीपीने किती झालं, वयाने किती, ते मला नाही सांगता येणार. जुना रिपोर्ट असता तर सांगितलं असतं."

मित्रांनो, हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. घरी आजीच्या डब्यात रिकामी पाकिटं होती, दुकानात दाखवायला म्हणून ठेवलेली. मी मोजली. २३ पाकिटं, २३० गोळ्या. त्यातल्या बहुतेक मी आणलेल्या. त्यांनी आजीचं किती नुकसान केलं, हे मला आता कधीच कळणार नाही, कारण सुरुवातीचं रीडिंग कोणी घेतलंच नाही. शंभर-दोनशे रुपयांची तपासणी. आपण एका पिझ्झ्यावर ह्याहून जास्त घालवतो.

आता एक वेगळी गोष्ट, पण ह्याच औषधाची. हे औषध गुरांनाही देत असत. आजी सांगते की तिच्या लहानपणी ढोर मेलं की गावाबाहेर टाकायचे आणि तासाभरात गिधाडं उतरायची. मी विंचूरमध्ये आयुष्यात एकही गिधाड पाहिलेलं नाही. नाशिकचे मित्र अंजनेरीला ट्रेकला जातात तेव्हा कड्यावर दिसतात, एवढंच. गिधाडं कशाने गेली? राजस्थानात भरतपूरच्या अभयारण्यात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश ह्यांनी १९८० च्या दशकात गिधाडांची मोजणी केलेली होती. १९९० च्या दशकात पुन्हा मोजल्यावर संख्या कोसळलेली दिसली. कारण माहीत नव्हतं. २००४ मध्ये लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांवरून उत्तर शोधलं. डायक्लोफेनॅक दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं की त्यांच्या किडन्या बंद पडत होत्या. गिधाडाला अगदी थोडं औषधही पुरतं, माणसाचं तसं नाही, हे खरं. तरी वाचताना अंगावर काटा आला. भारतात २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आली. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्यांमधून ते गुरांना टोचलं जायचं, म्हणून २०१५ मध्ये माणसांचं इंजेक्शन ३ मिलिलिटरच्या एका डोसपुरतं मर्यादित केलं.

ह्यातलं मला काय लागलं माहीत आहे? भरतपूरला जुनी मोजणी होती म्हणून नवीन मोजणीला अर्थ आला. पक्ष्यांची मोजणी होती आणि माझ्या सख्ख्या आजीची नव्हती.

आता आपल्या हॉस्टेलबद्दल. आपल्या विंगमध्ये कोणाच्याही कपाटात हात घातला तर ह्या कुळातली एक तरी गोळी सापडेल. जिममध्ये पाठ धरली, गोळी. मॅच खेळून गुडघा सुजला, गोळी. परीक्षेच्या आधी डोकं, गोळी. मी कोणाला घाबरवत नाही. एखाद-दोन गोळ्यांनी तुमची किडनी जात नाही. पण ताप, उलट्या, जुलाब चालू असताना किंवा उन्हात दिवसभर खेळून पाणी न पिता ही गोळी घेऊ नका. ताप डेंग्यूचा असेल तर ह्या गोळ्यांनी रक्तस्रावाचाही धोका वाढतो. आठवडाभर रोज लागत असेल तर ते दुखणं डॉक्टरांना दाखवायचं आहे, दुकानदाराला नाही.

आणि खरं सांगायचं ते घरच्यांबद्दल. सुट्टीत घरी जाल तेव्हा आजी-आजोबांचा गोळ्यांचा डबा उघडून बघा. पेनकिलर घेता का, असं विचारू नका, 'नाही' हेच उत्तर येईल. गुडघ्याची, कंबरेची, सांध्याची गोळी घेता का, असं विचारा. बीपी, साखर, हृदयाचं दुखणं असेल, वय साठच्या पुढे असेल आणि ही गोळी घ्यावीच लागत असेल तर आमच्या डॉक्टरांनी सांगितलेला नियम असा आहे. सुरू करायच्या आधी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघायचं, सुरू केल्यावर काही आठवड्यांत पुन्हा, मग ते सांगतील तितक्या महिन्यांनी. मधे जुलाब-उलट्या झाल्या तर लगेच फोन करायचा. आणि जुने रिपोर्ट फेकायचे नाहीत. वही करा. तारीख, वजन, बीपी, क्रिएटिनिन, ईजीएफआर. आमच्याकडे ती वही देवघराशेजारी खिळ्याला टांगलेली असते.

आजीच्या वहीत आता पाच ओळी झाल्यात. शेवटचं क्रिएटिनिन १.१ आहे, ईजीएफआर ५४. डॉक्टर म्हणाले, जे गेलं ते बहुधा परत येणार नाही, जे आहे ते टिकवायचं. गुडघे अर्थातच अजून दुखतात. आता ती मलम लावते, ते रक्तात फार थोडं जातं. फारच ठणकलं तर डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात पॅरासिटामॉल. सकाळी खाटेवर बसून पाय सरळ करते आणि दहापर्यंत मोजते, तसं वीस वेळा. कांदा निवडायला पप्पांनी तिच्यासाठी एक बुटकं स्टूल करून घेतलंय. तिला ते आवडत नाही. म्हणते, "पाटलिणीवानी बसायला लाज वाटती."

मागच्या आठवड्यात घरी जायच्या आधी फोन केला. सवयीने विचारलं, "आजी, येताना काय आणू?"

ती म्हणाली, "काय नको. तू ये." मग थोडं थांबून, "लई दुखत्यात रे आज."

पूर्वी ह्या वाक्याचं उत्तर माझ्या बॅगेत असायचं. आता नाही. मी म्हटलं, "येतो. आल्यावर शेकून देतो."

गेलो. पिशवीत गरम पाणी भरलं आणि तिच्या गुडघ्यावर धरून बसलो. तासभर लागला. गोळीने अर्ध्या तासात भागलं असतं.

— टी. ई., इन्स्ट्रुमेंटेशन